जमैकाच्या मळेवाल्यांची मृत्युपत्रे वाचताना या चुका टाळा

अठराव्या शतकातील जमैकाच्या एखाद्या ऊसमळेवाल्याचे मृत्युपत्र हाती आले, की त्यातील देणग्यांची यादी हीच प्रत्यक्ष झालेली वाटणी, असे बहुतेक वाचक धरून चालतात. घोटाळा येथूनच सुरू होतो, कारण मृत्युपत्रात मळेवाल्याची केवळ इच्छा असते. ती पुरी होणे सावकार, कायदा आणि वारसाच्या आईचा दर्जा यांच्या हाती होते.

सर्वांत गंभीर चूक गुलामांच्या मुक्ततेच्या कलमाबाबत घडते. अमुक स्त्रीला मुक्त करावे, असे लिहिले म्हणून ती त्या दिवसापासून मोकळी झाली, असे समजू नये. मूल आईच्या दर्जाला बांधलेले असल्यामुळे बाप गोरा आणि श्रीमंत असला, तरी गुलाम आईचे मूल गुलाम म्हणूनच जन्मत असे. शिवाय ती आई दुसऱ्याच मालकाची असली, तर आधी तिची किंमत चुकती करावी लागे. जमैकात स्थायिक झालेला इंग्रज गुलाममालक थॉमस थिसलवूड १७८६ मध्ये वारला. फिबा या आपल्या सहचारिणीला तिच्या मालकाकडून विकत घेऊन मुक्त करावे, असे त्याने लिहून ठेवले होते, तरी तिची मुक्तता व्हायला १७९२ उजाडले. मुक्ततेची स्वतंत्र नोंद सापडेपर्यंत ‘मुक्त’ हा शब्द जपूनच वापरावा.

मिश्रवंशीय मुलांना मिळालेली रक्कम पाहून बापाची माया मोजणेही फसवे आहे. जमैकाच्या विधिमंडळाने १७६१ मध्ये कृष्णवर्णीय व मिश्रवंशीय व्यक्तींना मृत्युपत्राने द्यायच्या मालमत्तेवर २,००० पौंडांची मर्यादा घातली. त्याहून अधिक द्यायचे तर खास कायदा मंजूर करून घ्यावा लागे. हे पौंडही जमैकाच्या चलनातले असत, आणि त्यातले १४० म्हणजे इंग्लंडचे १००.

एका बेटाचा नियम दुसऱ्याला लावू नये, हे वेगळे सांगायला नको. तरी ही चूक वारंवार दिसते. बार्बाडोस बेटाने १६६८ मध्ये गुलामांना स्थावर मालमत्ता ठरवले, तर फ्रेंच वसाहतींच्या १६८५ च्या संहितेने त्यांना जंगम मालमत्तेत धरले.

गुलामगिरी रद्द करताना ब्रिटिश सरकारने मालकांना २ कोटी पौंड भरपाई मंजूर केली. तिच्या नोंदींत नाव दिसले म्हणून ती व्यक्ती मालकच होती असे नाही. ती मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी, मळा गहाण घेऊन कर्ज देणारी किंवा मळ्याच्या उत्पन्नातून वर्षासन मिळणारी विधवाही असू शकते. भरपाई आपल्याला मिळावी म्हणून एकाच मळ्यावर असे अनेक जण भांडत असत.

‘आणि तिची पुढे होणारी संतती’ हे शब्द ठरावीक साचा म्हणून ओलांडून जाण्याची सवय मात्र मोडावीच. लेकीच्या नावे एखादी गुलाम मुलगी लिहिताना बाप त्या गुलाम मुलीच्या न जन्मलेल्या लेकरांचाही मालक नेमून ठेवत असे. त्यामुळे त्या लेकरांचा माग काढायचा, तर मूळ मळ्याच्या यादीत न शोधता त्या लेकीच्या सासरच्या मळ्याच्या यादीत शोधावा लागतो.