पहिल्या फेरीआधी मोटर कंट्रोलरची जुळणी

जुन्या स्कूटरला हब मोटर (चाकाच्या मध्यातच बसणारी विद्युत मोटर) बसवून झाली की लगेच एक चक्कर मारावी, असा मोह होतो. पण कंट्रोलरमध्ये, म्हणजे बॅटरीतून मोटरला जाणारी वीज नियंत्रित करणाऱ्या पेटीत, कारखान्यातून भरून आलेले आकडे आपल्या बॅटरीसाठी आणि मोटरसाठी ठरवलेले नसतात. पुढील विवेचनासाठी 72 व्होल्टची, 20 सेल एकसरीत जोडलेली लिथियम एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) बॅटरी आणि 2000 वॅटची हब मोटर गृहीत धरली आहे.

गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचे चाक जमिनीपासून मोकळे ठेवावे आणि बॅटरी सुटी असतानाच सर्व जोडण्या तपासाव्यात. तारांच्या रंगांवर फारसा विश्वास ठेवू नये, कारण मोटर एका उत्पादकाची आणि कंट्रोलर दुसऱ्याचा असला, तर पिवळ्याला पिवळी जोडूनही क्रम चुकू शकतो. धन आणि ऋण टोके मात्र मल्टिमीटरने दोनदा पाहावीत. उलट जोडणीमुळे कंट्रोलर क्षणात निकामी होतो. कंट्रोलरमधले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) रिकामे असताना बॅटरी थेट जोडल्यास मोठी ठिणगी उडते आणि कनेक्टरची टोके जळतात. म्हणून आधी 100 ओहमच्या रोधकातून दोनेक सेकंद प्रवाह जाऊ द्यावा आणि मग मुख्य स्विच चालू करावा. हेच कपॅसिटर बॅटरी काढल्यावरही काही काळ भरलेले राहतात, त्यामुळे टर्मिनलला हात लावण्यापूर्वी व्होल्टेज मोजावे.

आता हॉल सेन्सर, म्हणजे मोटर फिरताना तिची स्थिती कंट्रोलरला कळवणारे सेन्सर. त्यांच्या लाल आणि काळ्या तारेत सुमारे 5 व्होल्ट मिळत असल्याची खात्री करून, चाक हाताने सावकाश फिरवत तिन्ही सिग्नल तारा एकेक करून मोजाव्यात. प्रत्येक तारेवर व्होल्टेज शून्याजवळून 5 च्या जवळ आणि पुन्हा खाली असे उड्या मारत गेले पाहिजे. एखादी तार एकाच आकड्यावर अडून राहिली, तर दोष सेन्सरमध्ये किंवा कनेक्टरच्या पिनमध्ये आहे.

थ्रॉटलकडे, म्हणजे वेग वाढवणाऱ्या मुठीकडे, मी सर्वांत अधिक लक्ष देतो. मूठ सोडलेली असताना त्याच्या सिग्नल तारेवर साधारण 0.8 ते 1 व्होल्ट आणि पूर्ण पिळल्यावर 3.5 ते 4.2 व्होल्ट मिळतात. माझ्या पहिल्या जुळणीत थ्रॉटलची काळी तार क्रिंपमध्ये (दाबून बसवलेल्या धातूच्या टोकात) तुटलेली होती. ग्राउंड, म्हणजे ऋण जोडणी, सुटल्यामुळे सिग्नल वर चढला, कंट्रोलरला मूठ पूर्ण पिळल्याचे वाटले आणि चावी फिरवताच चाक सुसाट सुटले. गाडी स्टँडवर होती म्हणून निभावले. तेव्हापासून थ्रॉटलच्या व्होल्टेजची वरची मर्यादा प्रत्यक्ष मोजलेल्या आकड्याच्या किंचितच वर ठेवतो, म्हणजे तार तुटल्यास कंट्रोलर दोष दाखवून थांबतो. ब्रेक दाबताच मोटरचा प्रवाह तुटतो का, हेही याच वेळी पाहावे.

त्यानंतर मर्यादा भराव्यात. बॅटरीचा प्रवाह आणि फेजचा, म्हणजे कंट्रोलरपासून मोटरला जाणाऱ्या तीन जाड तारांमधला, प्रवाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: कमी वेगात फेजमधला प्रवाह बॅटरीतल्या प्रवाहाच्या कितीतरी पट असू शकतो आणि मोटरची गुंडाळी तापवतो तो हाच. सुरुवातीला बॅटरीसाठी 20 आणि फेजसाठी 50 अँपिअर पुरेत. किमान व्होल्टेज 62 च्या आसपास, म्हणजे बीएमएसच्या (बॅटरीचे रक्षण करणाऱ्या सर्किटच्या) मर्यादेच्या वर ठेवावे, अन्यथा भर रस्त्यात बीएमएस अचानक वीज तोडेल. रीजेन, म्हणजे ब्रेक लावताना मोटरकडून बॅटरीत वीज परत भरण्याची सोय, तूर्त बंदच ठेवावे. 84 व्होल्टपर्यंत भरलेल्या बॅटरीचे चार्जिंग बीएमएसने रोखले, तर ब्रेकमधून परत येणाऱ्या ऊर्जेला जागा उरत नाही आणि वाढलेले व्होल्टेज कंट्रोलरमधले मॉसफेट (प्रवाह चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) उडवते.

शेवटी सेल्फ-लर्निंग, म्हणजे कंट्रोलरने फेज आणि हॉलच्या तारांचा क्रम स्वतःच ओळखणे. अनेक कंट्रोलरमध्ये त्यासाठी दोन तारा जोडाव्या लागतात, काहींमध्ये हे काम मोबाइलवरील ॲपमधून होते. चाक उलटे फिरले, तर प्रक्रिया पुन्हा करावी. त्यानंतर थ्रॉटल हलकेच देऊन पाहावा: मोटर घरघरत असेल, झटके देत असेल किंवा चाक अधांतरी असूनही भरपूर प्रवाह खेचत असेल, तर फेज आणि हॉलची जोडी चुकलेली आहे आणि चाक फिरते आहे एवढ्यावर समाधान मानू नये.

पहिली फेरी सपाट, मोकळ्या रस्त्यावर दहा मिनिटांचीच घ्यावी. परत येताच बॅटरी सोडवून, व्होल्टेज उतरल्याची खात्री झाल्यावर फेजच्या तिन्ही लगांवर (तारांच्या टोकांना दाबून बसवलेल्या धातूच्या टोप्यांवर) बोट ठेवून पाहावे; जो लग इतरांपेक्षा गरम लागेल तो पुन्हा नीट दाबून घ्यावा आणि मगच अँपिअर वाढवावेत.