जर्मनीत उन्हाळी काम शोधताय? या चुका टाळा

जर्मन भाषेची बी1 ही मधली पातळी झाली की पुढचा बेत ठरलेला: सुट्टीत दोन महिने जर्मनीत काम करायचं, म्हणजे भाषेचा सरावही होईल आणि खर्चही निघेल. बेतात खोट काही नाही. पण काम शोधताना पगार बघितला जातो, शहर बघितलं जातं, विमानाचं तिकीट तर दहा वेळा बघितलं जातं. दिवसभर आपल्याशी बोलणार कोण, हे मात्र कुणी विचारत नाही.

शेतावरचं काम घ्या. एप्रिल ते 24 जून हा श्पार्गेलचा, म्हणजे पांढऱ्या ॲस्परॅगसचा हंगाम; माणसं हवीच असतात. पण काढणीला येणारे बहुतेक जण रोमानिया-पोलंडचे. दिवसभर वरंब्यावर वाकून कंबर मोडेल आणि कानावर पडेल रोमानियन. हॉटेलच्या भटारखान्यात भांडी धुण्याचंही तसंच. मशीनच्या आवाजात ‘गरम आहे’, ‘लवकर’, ‘ताटल्या संपल्या’ एवढ्यावर हंगाम निघतो. बर्लिनच्या कॅफेंचा मोह तर सोडाच. तिथे कित्येक ठिकाणी ऑर्डरच इंग्रजीत घेतात.

त्यापेक्षा लहान गावातलं हॉटेल शोधा, र्‍यूगन किंवा उसेडोमसारख्या बाल्टिक बेटांवरचं, आणि काम मागा नाश्त्याच्या दालनात. तिथे सकाळी सातला आजी-आजोबा येऊन बसतात आणि त्यांना घाई नसते. एकीला चार मिनिटं उकडलेलंच अंडं हवं, पाच मिनिटांचं चालत नाही. दुसऱ्याला किनाऱ्यावरची वेताची छपरी खुर्ची, श्ट्रांडकोर्ब, भाड्याने कुठे मिळते ते हवं. तिसरी कालच्या पावसाची तक्रार तुमच्याकडेच करते. रोज तेच प्रश्न, दर वेळी जरा निराळ्या शब्दांत. क्लासमध्ये याची सोय होत नाही.

भाषा कच्ची असेल तर पहिल्या खेपेला बव्हेरियातली खेडी टाळा. निसर्ग सुंदर, पण मालकाची बोली ऐकून आपण शिकलो ती जर्मन हीच का, असा प्रश्न पडतो.

व्हिसाच्या बाबतीत लोक सर्रास फसतात. पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही. पगाराऐवजी राहणं-जेवण देणारं ‘स्वयंसेवकाचं’ कामही त्यात बसेल असं धरून चालू नका. ऑस्ट्रेलिया, जपान, कॅनडाच्या तरुणांना मिळतो तो वर्किंग हॉलिडे व्हिसा जर्मनी भारतीयांना देत नाही. देतो म्हणणाऱ्या एजंटाला तिथूनच नमस्कार करा. जर्मनीबाहेरच्या कॉलेजातल्या विद्यार्थ्यांसाठी तिथल्या कायद्यात सुट्टीतल्या कामाची सोय आहे. मर्यादा बारा महिन्यांत 90 दिवस, आणि काम बुंडेसआगेंटुर फ्युअर आर्बाइट या सरकारी रोजगार संस्थेमार्फत मिळालेलं असावं लागतं.

इथे आपल्याकडच्या मुलांची वेगळीच पंचाईत होते. काम तुमच्या कॉलेजच्या अधिकृत सुट्टीतच बसायला हवं. आपली मोठी सुट्टी मे-जूनच्या आसपास, तर तिकडच्या किनाऱ्यांवर खरी गर्दी जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणून आधी कॉलेजकडून सुट्टीच्या तारखांचं पत्र घ्या आणि मगच अर्ज करा. उलटं केलं तर नोकरी हातात असूनही तारखा जुळत नाहीत. इंजिनिअरिंग आणि विज्ञानवाल्यांना डाड (DAAD) या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची वाइझ (WISE) इंटर्नशिप हा चांगला पर्याय आहे, पण प्रयोगशाळेत बरंचसं इंग्रजीच चालतं. भाषेसाठी जात असाल तर राहायला तरी जर्मन घर बघा.

करार नीट वाचा. 2026 पासून किमान वेतन ताशी 13.90 युरो आहे. अभ्यासक्रमातल्या सक्तीच्या इंटर्नशिपला ते लागू नाही. खोलीचे आणि जेवणाचे किती कापणार, आठवड्याला किती तास, हे लेखी घ्या. खाण्यापिण्याच्या पदार्थांशी संबंध येणार असेल तर आरोग्य खात्याची स्वच्छतेविषयीची माहिती ऐकून दाखला घ्यावा लागतो. त्याचा खर्च कोण करणार, तेही आधीच विचारा.

पोहोचल्यावर पहिल्या दिवशी पत्रपेटीवर आपलं आडनाव चिकटवा. नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, परत पाठवतो. बँकेचं कार्ड आणि कराचे कागद पोस्टानेच येतात.

आणि सहकारी इंग्रजीत शिरले की हसून जर्मनमध्येच उत्तर देत राहा. सुरुवातीचे काही दिवस त्यांना ते जड जातं, कारण तुमचं वाक्य संपेपर्यंत त्यांना थांबावं लागतं. थांबू दे.