अळी गुलाबीच दिसली पाहिजे : बैठकीआधी प्रोजेक्टरची तयारी

मे महिन्याच्या शेवटी, कपाशीची लागवड सुरू व्हायच्या आधी, आमच्या समाजमंदिरात गुलाबी बोंडअळीवर बैठक होते. प्रोजेक्टर लावायचं काम माझ्याकडे असतं. एका वर्षी मशीन 'डायनॅमिक' मोडवरच राहिलं, वर भिंत पोपटी डिस्टेंपरची. पडद्यावरची अळी करडी, मळकट दिसायला लागली. पुढच्या रांगेतले एक आबा उठून म्हणाले, "हाई आपली अळी नही रे भाऊ." त्यांचं चुकलं नव्हतं. जी अळी ओळखायला माणसं जमली होती, तीच मी त्यांना चुकीची दाखवत होतो. तेव्हापासून ही तयारी मी कधीच घाईत करत नाही.

आदल्या दिवशी मशीन बाहेर काढा आणि आधी फिल्टर बघा. आपल्याकडे कापसाची तूस आणि मातीची धूळ दोन्ही असते, फिल्टरवर तिचा थर बसतो. अंगणात नेऊन मऊ ब्रशने झाडा. पुस्तिकेत धुवा असं लिहिलेलं असेल तरच पाणी लावा. मेनूत लॅम्पचे तास दिसतात. दिवा जुना झाला की उजेड उतरतो, अशा वेळी इको मोड बंद ठेवा. केबल, एक्स्टेंशन बोर्ड, रिमोटचे सेल एकाच पिशवीत भरून ठेवा.

जागा निवडताना उन्हाचा विचार आधी करा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 44-45 पर्यंत जातो आणि बऱ्याच प्रोजेक्टरच्या पुस्तिकेत 35 किंवा 40 अंशांची मर्यादा दिलेली असते. म्हणून तापलेल्या पत्र्याच्या भिंतीला टेकून मशीन ठेवू नका, खाली गादी किंवा चादर नको, हवेच्या जाळीपुढे फूटभर मोकळं राहू द्या. मेनूत 'हाय अल्टिट्यूड' दिसलं तर ते बंदच असू द्या. ते साधारण 1500 मीटरच्या वरच्या गावांसाठी असतं, आपल्या तोरणमाळलासुद्धा त्याची गरज पडत नाही.

पडदा म्हणून पोपटी भिंतीपेक्षा इस्त्री केलेली पांढरी चादर ताणून बांधलेली कधीही चांगली. अंतर पुस्तिकेतल्या थ्रो रेशोवरून (चित्राच्या रुंदीच्या किती पट लांब मशीन ठेवायचं तो आकडा) काढा : रेशो 1.5 असेल आणि चित्र 8 फूट रुंद हवं असेल, तर मशीन 12 फुटांवर. आता मशीन पडद्यासमोर मधोमध आणि सरळ ठेवा, उंची टेबलाने जमवा. कीस्टोनला हात सगळ्यात शेवटी. कीस्टोन चित्र सरळ करतं ते आतलं चित्र आवळून, त्यात काही पिक्सेल वाया जातात आणि अक्षरांच्या कडा मऊ होतात. थोडंसं चालतं, पण मशीन तिरपं ठेवून सगळा भार कीस्टोनवर टाकला की मागच्या रांगेला वाचता येत नाही.

लॅपटॉप जोडून विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबा, 'डुप्लिकेट' निवडा. रिझोल्यूशन प्रोजेक्टरच्या मूळ आकड्याइतकं ठेवा, आमच्या मशीनचं 1280 बाय 800 आहे. पहिल्या स्लाइडवर एक गोल काढून ठेवत जा. पडद्यावर तो अंड्यासारखा दिसला तर आस्पेक्ट रेशो, म्हणजे चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण, चुकलाय.

मग झूम, आणि झूमनंतरच फोकस. दिवा तापल्यावर फोकस थोडा सरकतो, म्हणून दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा एकदा बघा. मी त्यासाठी कामगंध सापळ्याचीच (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारा सापळा) स्लाइड लावतो : एका सापळ्यात रोज 8 पतंग, सलग 3 दिवस, मग फवारणी. शेवटच्या रांगेत जाऊन उभं राहायचं. तिथून 8 आणि 3 वेगळे ओळखू आले पाहिजेत. नाही आले तर कुणीतरी चुकीचा आकडा मनात घेऊन शेतात जाईल.

आता ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट. ब्राइटनेसने चित्रातला काळा भाग वर-खाली होतो, कॉन्ट्रास्टने पांढरा. काळ्या मातीचा, भेगा पडलेल्या रानाचा फोटो लावा. ब्राइटनेस कमी करत करत माती काळी होऊ द्या, पण भेगा दिसत राहिल्या पाहिजेत. माती राखाडी दिसली म्हणजे ब्राइटनेस जास्त झालाय. मग फुटलेल्या बोंडाचा फोटो. कॉन्ट्रास्ट वाढवत जा आणि कापसाचे धागे एकमेकांत मिसळून नुसता पांढरा गोळा दिसायला लागला की दोन पावलं मागे या.

रंगाला सगळ्यात जास्त वेळ द्या. मोड 'सिनेमा' किंवा 'स्टँडर्ड' ठेवा. 'डायनॅमिक'मध्ये उजेड भरपूर मिळतो, पण हिरवा रंग वर चढतो आणि गुलाबी मरतो. चादर नसेल तर मेनूत भिंतीच्या रंगाचं सेटिंग आहे का ते शोधा. पारखायला एक पिकलेलं केळं आणि एक लाल मिरची घ्या. त्यांचे फोटो पडद्यावर लावून खरी वस्तू शेजारी धरा. केळं हिरवट किंवा मिरची तपकिरी दिसली तर रंग अजून बसलेला नाही. मिरची जमली की अळीचा गुलाबी आपोआप जमतो. डोमकळीचा, म्हणजे आत अळी असलेल्या कपाशीच्या फुलाचा फोटोही याच वेळी बघून घ्या. पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं ते पिवळट फूल दुरूनही ओळखू यायला हवं.

हे सगळं बैठकीच्या वेळचाच उजेड असताना करा. दुपारी झकास दिसणारं सेटिंग रात्री डोळ्यांवर येतं. आमच्याकडे मेअखेरीस सातच्या सुमारास दिवस मावळतो, म्हणून बैठक साडेसातनंतर. प्रोजेक्टरचं ऑटो पॉवर ऑफ आणि लॅपटॉपचं स्लीप दोन्ही बंद करा. आवाजासाठी वेगळा स्पीकर आणा, मशीनमधला दोन रांगांपुढे ऐकू जात नाही.

लाइट गेली तर दिव्याचं मशीन लगेच चालू करू नका, काही मिनिटं थंड होऊ द्या. बैठक संपल्यावरही तेच : बटणाने बंद करा, पंखा थांबेपर्यंत प्लग काढू नका. लोक घरी निघालेले असतात, खुर्च्या गोळा होत असतात, कुणीतरी सवयीने बोर्ड बंद करायला येतं. त्याला थांबवून पंख्याचा आवाज बंद होईपर्यंत मशीनजवळच उभे राहा.