घरी बनवलेला यूएसबीएएसपी चालत नाहीये? मग फॉल्ट असा शोधा

झिरो पीसीबीवर यूएसबीएएसपी, म्हणजे एव्हीआर मायक्रोकंट्रोलर चिपमध्ये प्रोग्रॅम भरणारा यूएसबीचा प्रोग्रॅमर जोडला, मोठ्या उत्साहाने पीसीला लावला, आणि काहीच नाही. किंवा विंडोजचा तो टुंग आवाज आला आणि खाली "डिव्हाइस रेकग्नाइझ झालं नाही". इथे बरेच जण बोर्ड बाजूला ठेवून रेडिमेड विकत घेतात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण थॉमस फिशल यांचं हे सर्किट इतकं छोटं आहे की त्यात चुकण्यासारख्या जागा मोजक्याच आहेत, फक्त त्या ओळीने तपासायला हव्यात.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. या सर्किटचे दोन भाग आहेत, एक पीसी ते प्रोग्रॅमरमधला एटमेगा८ (त्याची मुख्य चिप), आणि दुसरा एटमेगा८ ते तुमची टार्गेट चिप, म्हणजे जिच्यात प्रोग्रॅम भरायचाय ती. एव्हीआरड्यूड (पीसीवरून चिपमध्ये प्रोग्रॅम भरायचं सॉफ्टवेअर) जर म्हणाला की यूएसबी डिव्हाइस सापडत नाही, तर फॉल्ट पहिल्या भागात आहे, टार्गेटच्या वायरी हलवत बसू नका. आणि "टार्गेट उत्तर देत नाही" असं आलं तर तुमचा प्रोग्रॅमर चालू झालाय! यूएसबी, क्रिस्टल (चिपला क्लॉक देतो तो), फर्मवेअर (एटमेगा८ मधला प्रोग्रॅम) सगळं बरोबर आहे, आता फक्त पुढचा भाग बघा.

सुरुवात चिप सॉकेटमधून काढून करा, लॅपटॉपलाही लावू नका. मल्टीमीटर बझरवर ठेवून ५ व्होल्ट आणि ग्राउंड शॉर्ट आहे का बघा, मग मोबाइलच्या चार्जरवरून सप्लाय द्या (लॅपटॉपचा पोर्ट धोक्यात कशाला घालायचा), आणि सॉकेटच्या ७ आणि २० नंबर पिनवर ५ व्होल्ट, ८ आणि २२ वर ग्राउंड येतंय ना ते मोजा. २० आणि २२ कडे बरेच जण दुर्लक्ष करतात, तसं करू नका. ७ आणि ८ च्या अगदी जवळ १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर पाहिजे, बोर्डच्या दुसऱ्या टोकाला लावला तर त्याचा उपयोग नाही.

आता फर्मवेअर. कोऱ्या एटमेगा८ मध्ये ते भरायला आधी दुसरा प्रोग्रॅमर लागतो, तो नसेल तर आर्डुइनो उनो घ्या, त्यात आर्डुइनो अ‍ॅज आयएसपी हे स्केच टाका, आणि स्केच टाकून झाल्यावर (आधी नाही) उनोच्या रिसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, नाहीतर एव्हीआरड्यूड कनेक्ट करायला गेला की उनो स्वतःच रिसेट होतो. उनोची १० नंबर पिन एटमेगा८ च्या १ नंबरला म्हणजे रिसेटला, ११ ही १७ ला (मोसी, चिपकडे जाणारा डेटा), १२ ही १८ ला (मिसो, चिपकडून येणारा डेटा), १३ ही १९ ला (एससीके, त्या डेटाचा क्लॉक), शिवाय ५ व्होल्ट आणि ग्राउंड. सिरियलची टीएक्स-आरएक्स उलटी जोडायची सवय असल्यामुळे मोसी-मिसो पण उलटे जोडणारे खूप आहेत, पण इथे मोसीला मोसीच आणि मिसोला मिसोच. पहिल्यांदा नुसती सिग्नेचर (चिपचा ओळख क्रमांक) वाचा. एटमेगा८ ची १ई ९३ ०७ आहे. सगळी शून्यं किंवा सगळे एफएफ आले तर वायरिंग, सप्लाय किंवा रिसेटची लाइन परत बघा, तोपर्यंत काहीच लिहू नका.

सिग्नेचर आली की फर्मवेअरची हेक्स फाइल टाका, आणि मग फ्यूज (चिपची क्लॉकसारखी सेटिंग्ज): हाय सी९, लो ईएफ. हा टप्पा सगळ्यात जास्त राहून जातो. एटमेगा८ कारखान्यातून येतो तेव्हा आतल्या १ मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर असतो आणि यूएसबीएएसपीचं फर्मवेअर १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलसाठी लिहिलेलं आहे, म्हणजे फ्यूज बदलले नाहीत तर प्रोग्रॅम चालतो खरा पण यूएसबीच्या वेगाला पुरा पडत नाही. फ्यूज लिहून झाले की सिग्नेचर परत एकदा वाचून बघा, ही माझी आवडती टेस्ट आहे. चिप आता बाहेरच्या क्रिस्टलवर गेलेली असते, म्हणून सिग्नेचर आली तर क्रिस्टल चालतोय हे ऑसिलोस्कोपशिवाय कळतं. नाही आली तर ९ आणि १० नंबर पिनचं सोल्डर आणि २२ पिकोफॅरडचे दोन्ही कपॅसिटर बघा. क्रिस्टलवर १२.००० लिहिलंय ना तेही बघा, ड्रॉवरमधला १६ चा लावला तर सिग्नेचर येईल पण यूएसबी चालणार नाही.

उनो काढा, सेल्फ प्रोग्रॅमिंगचा जंपर (ड्रॉइंगमध्ये जेपी२) उघडा करा आणि यूएसबी लावा. २३ नंबर पिनवरची एलईडी लागली तर फर्मवेअर सुरू झालंय, पीसीने ओळखो वा न ओळखो. न लागल्यास एलईडी उलटी नाही ना बघा, तिचा प्लस ५ व्होल्टच्या बाजूला असतो.

एलईडी लागते पण पीसी ओळखत नाही, इथे जरा थांबून विचार करायला लागतो. यूएसबीच्या डेटाच्या दोन लाइनी असतात, डी प्लस आणि डी मायनस. डी मायनसवरचा २.२ के चा रेझिस्टर (काही ड्रॉइंगमध्ये १.५ के) पीसीला सांगतो की इथे एक लो-स्पीड डिव्हाइस आहे. पीसीचा आवाज येतो तो नुसत्या या रेझिस्टरमुळे, त्यात फर्मवेअरचा काही संबंध नाही, म्हणूनच आवाज येऊनही "डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल" दिसू शकतं. मग मल्टीमीटर घेऊन केबल लावलेली असताना डी मायनस मोजा, ३ ते ३.५ व्होल्टच्या आसपास यायला पाहिजे आणि डी प्लस जवळजवळ शून्य. डी मायनसवर ०.७ व्होल्ट आलं तर तुमचा ३.६ व्होल्टचा झेनर डायोड (लाइनचं व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा) उलटा बसलाय, पट्टी ग्राउंडकडे नाही, लाइनकडे पाहिजे. ४ च्या वर आलं तर झेनर लागलेलाच नाही किंवा ड्राय सोल्डर आहे. ३ व्होल्ट डी प्लसवर दिसतंय? मग दोन लाइनी अदलाबदल झाल्यात. केबलमध्ये साधारणपणे हिरवी डी प्लस आणि पांढरी डी मायनस असते, पण स्वस्त केबलच्या रंगावर विश्वास नको, बझर लावून बघा. दोन्ही लाइनमध्ये ६८ ओहम आहेत का, आणि डी प्लस ४ आणि १५ अशा दोन्ही पिनना गेलीय का तेही तपासा, १५ ला जोडून ४ विसरणं फार होतं आणि फर्मवेअरला इंटरप्ट तर ४ नंबरवरूनच मिळतो.

व्होल्टेज बरोबर आहे आणि तरीही चालत नाही, असं माझ्या पहिल्या बोर्डला झालं होतं, तीन संध्याकाळी गेल्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेले झेनर १ वॉटचे निघाले. मोठ्या झेनरची स्वतःची कपॅसिटन्स जास्त असते, सिग्नलच्या कडा बोथट होतात, आणि मल्टीमीटरवर ते दिसतच नाही. अर्ध्या किंवा पाव वॉटचे काचेचे छोटे झेनर लावल्यावर पहिल्याच फटक्यात चाललं. दुकानात मागताना वॉट सांगूनच मागा.

विंडोजमध्ये यूएसबीएएसपी असं नाव दिसतंय पण पिवळा त्रिकोण आहे, तर हार्डवेअर झालं, झॅडिग या टूलने लिबयूएसबीचा ड्रायव्हर टाका. लिनक्सवर ड्रायव्हर लागत नाही, पण सुडो लावून चालतं आणि न लावता चालत नाही असं असेल तर युडेव्हचा रूल (साध्या युजरला डिव्हाइस वापरायची परवानगी देणारा) लिहायला लागेल.

आता दुसरा भाग. कोरी टार्गेट चिप पण बहुतेक वेळा १ मेगाहर्ट्झवर असते, आणि एससीके हा टार्गेटच्या क्लॉकच्या पाव भागापेक्षा कमी लागतो, म्हणजे २५० किलोहर्ट्झच्या आत. यूएसबीएएसपी साधारण ३७५ वर सुरू होतो. म्हणून कमांडमध्ये कॅपिटल बी चा ऑप्शन लावून १० द्या, वेग शंभराच्या खाली येतो, किंवा २५ नंबर पिन ग्राउंड करणारा स्लो जंपर लावा. "एससीके पिरियड सेट करता येत नाही" अशी वॉर्निंग आली तर फर्मवेअर जुनं आहे, घाबरू नका, तिथे स्लो जंपरच वापरा. एफआरसी (चपटी रिबन) केबल एक वितीपेक्षा लांब नको, आणि कनेक्टर उलटा तर लागला नाहीये ना बघा, टार्गेट गरम होत असेल तर लगेच काढा.

आणि टार्गेट वाचायला किंवा लिहायला गेलं की पीसीवर डिस्कनेक्टचा आवाज येत असेल तर जेपी२ अजून बंद आहे, प्रोग्रॅमर टार्गेटऐवजी स्वतःलाच रिसेट करतोय.

सिग्नेचर टार्गेटची आली, तर आधी फ्लॅश वाचून बघा, मग लिहा. फ्यूज सगळ्यात शेवटी, आणि रिसेट डिसेबलच्या फ्यूजला अजिबात हात लावू नका, तो बदलला की ही चिप या प्रोग्रॅमरने परत उघडत नाही, १२ व्होल्टचा हाय व्होल्टेज प्रोग्रॅमर लागतो.