क्लिनिकल लॅडरचा अर्ज करण्यापूर्वी

रुग्णाच्या खाटेजवळचे काम न सोडता परिचारिकेला वरची श्रेणी मिळवून देणाऱ्या क्लिनिकल लॅडर कार्यक्रमात माझा पहिला अर्ज नामंजूर झाला. चूक सर्वस्वी माझी होती, म्हणून तयारीची ही यादी त्या चुकीभोवतीच फिरणार आहे.

नोंदणी आणि पदवीच्या प्रती कोणीही विसरत नाही. बीएलएस व एसीएलएसची, म्हणजे प्राथमिक व प्रगत जीवरक्षण प्रशिक्षणाची, प्रमाणपत्रे साधारणपणे दोन वर्षे चालतात. ती अर्जाच्याच नव्हे, तर मुलाखतीच्या दिवशीही वैध असावीत.

आता अर्जासोबत द्यायचा वॉर्डातला सुधारणा प्रकल्प. विषय निवडण्याआधी, वॉर्डात काही बदलण्याआधी, सहकाऱ्यांना उत्साहाने काही सांगण्याआधी आजची स्थिती मोजून ठेवावी. मी कॅन्युलामुळे, म्हणजे सलाइन-औषधांसाठी शिरेत बसवलेल्या नळीमुळे, शीर सुजण्याचा विषय घेतला होता. प्रत्येक ड्रेसिंगच्या पट्टीवर कॅन्युला लावल्याची तारीख आणि वेळ लिहायची, दर पाळीच्या हँडओव्हरला जागा उघडी करून पाहायची आणि व्हीआयपी गुण, म्हणजे शिरेची सूज डोळ्यांनी पाहून दिलेला गुण, नोंदवायचा, असा क्रम बसवला. हा गुण 0 ते 5 असतो आणि 2 आला की कॅन्युला काढून दुसरीकडे लावायची असते. सुजलेले हात कमी झाल्याचे आम्हा सर्वांना दिसत होते. अर्ज तपासणाऱ्या समितीने एकच विचारले, ‘आधी किती होते?’ माझ्याकडे उत्तर नव्हते. जुन्या चार्टमध्ये कुठे ‘लाली’, कुठे ‘कॅन्युला बदलली’ एवढेच लिहिलेले होते आणि त्यातून मागाहून आकडा काढता येत नाही. तसा प्रयत्न मी दोन रात्री करून पाहिला आहे.

म्हणून आधीचा आकडा घ्यावा. निदान महिनाभर, इन्चार्ज सिस्टरांची परवानगी घेऊन, पुढे जी मोजपट्टी वापरायची तीच वापरून घ्यावा. नुसते ‘नऊ जणांना सूज आली’ हेही पुरत नाही, कारण त्या महिन्यात कॅन्युला किती लागल्या हे कळल्याशिवाय नऊ जास्त की कमी ते ठरत नाही. दर 100 कॅन्युलांमागे किती, असे लिहावे. बेडसोरचा विषय घेतल्यास रुग्ण दाखल होतानाच असलेली जखम वेगळी नोंदवावी, नाहीतर दुसऱ्या वॉर्डातल्या जखमा आपल्या खात्यात जमा होतात. तेथेही आधीचा आकडा लागतोच.

अर्जातले रुग्णसेवेचे अनुभवकथन बहुतेक जणी भावुक होऊन लिहितात, आणि तेथेच ते फसते. अमेरिकी परिचर्यातज्ज्ञ पॅट्रिशिया बेनर यांनी 1984 मध्ये मांडलेल्या, नवशिकीपासून तज्ज्ञापर्यंतच्या पाच पायऱ्यांवर अनेक लॅडर उभ्या आहेत, आणि त्यांत आपल्याला काय दिसले व त्यावरून आपण काय ठरवले हेच तपासले जाते. ‘प्रकृती चिंताजनक वाटल्याने डॉक्टरांना कळवले’ या वाक्यातून काहीच कळत नाही. ‘रक्तदाब अजून ठीक होता, पण तासाभरात श्वास 18 वरून 28 वर गेला होता आणि लघवी कमी झाली होती’ असे लिहिले की परीक्षकाला लिहिणारीची नजर कळते. रुग्णाचे नाव, खाट क्रमांक आणि दाखल झाल्याची तारीख काढून टाकावी. यात सवलत नाही.

नव्या परिचारिकांना शिकवल्याच्या तासांवर त्याच आठवड्यात सही घ्यावी, कारण सही करणाऱ्यांची बदली होते.

शिफारसपत्र महिनाभर आधी मागावे. मुलाखतीची उजळणी एखाद्या स्पष्टवक्त्या सहकारिणीसमोर करावी. अर्जातले उरलेले रकाने सरळ आहेत, ते भरून टाकावेत. पाकीट बंद करण्यापूर्वी मात्र प्रकल्पाचे पहिले पान उघडावे, आणि बदल सुरू होण्याआधीचा आकडा तेथे तारखेसह नसेल, तर अर्ज पुढच्या फेरीसाठी ठेवून आजपासून मोजायला लागावे.