जुन्या मोटर यॉटची इंजिनं बदलताय? या चुका टाळा

इंजिन बदलायचं ठरलं की मालक आधी हॉर्सपॉवर सांगतात. मी विचारतो, गिअरबॉक्सचं रिडक्शन किती, म्हणजे तो इंजिनचा वेग किती पटीने कमी करतो, पंख्याचा शाफ्ट किती जाडीचा, एक्झॉस्टची नळी केवढी? समोर शांतता. इंजिन काय, पैसे टाकले की येतं. घोळ होतो तो त्याला जे जे जोडायचं असतं तिथे.

सगळ्यात जुनं दुखणं म्हणजे पंखे (प्रोपेलर) तेच ठेवणं. जुन्या बोटींत टू-स्ट्रोक डेट्रॉइट डिझेल बरीच सापडतात, २१०० ते २३०० आरपीएमच्या आसपास पूर्ण ताकद देणारी. नवं फोर-स्ट्रोक इंजिन बहुधा त्याहून जास्त फिरतं. तरी 'पंखे चांगले आहेत की' म्हणून तेच परत बसवतात. मग थ्रॉटल पूर्ण ढकलला तरी इंजिन ठरलेले आरपीएम गाठत नाही आणि मागे काळा धूर निघतो. मालक म्हणतात, "मी कुठे फुल थ्रॉटल मारतो?" अहो, जे इंजिन पूर्ण थ्रॉटलला गुदमरतं ते नेहमीच्या वेगालाही जास्तीचं ओझंच ओढत असतं. एक्झॉस्ट तापतो, व्हॉल्व्ह भाजतात, टर्बोचं आयुष्य घटतं.

मी चाचणी घेतो ती डिझेलच्या आणि पाण्याच्या टाक्या भरून, माणसं-सामान चढवून. कंपनीने दिलेल्या आरपीएमपेक्षा पन्नासेक जास्त मिळाले तरच सही करतो. पंख्याचा पिच, म्हणजे एका फेरीत तो जेवढा पुढे सरकेल ते अंतर, एक इंच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात, एवढा हिशोब डोक्यात असू द्या. आणि डॅशबोर्डवरच्या जुन्या काट्यावर भरवसा ठेवू नका. मी हातातल्या टॅकोमीटरने पुलीवरच मोजतो.

दुसरी चूक माझ्या डोळ्यांदेखत झाली, म्हणून जास्त बोचते. नवं इंजिन बसलेलं, बोट पाण्यात, डिझेलच्या नळ्या कोरड्या. मी वर कंट्रोल केबल जुळवत होतो. खाली एक उत्साही पोरगा किल्ली फिरवत होता. नळीत हवा, त्यामुळे इंजिन लागेना. "लागेल, लागेल" म्हणत त्याने सात-आठ वेळा स्टार्टर मारला. सी-कॉक, म्हणजे समुद्राचं पाणी आत घेणारा नळ, उघडाच. इंजिन फिरेल तेवढा वेळ समुद्राच्या पाण्याचा पंपही फिरतो आणि ते पाणी एक्झॉस्टमध्ये सोडतो. इंजिन लागलेलं नसेल तर ते बाहेर ढकलायला धूरच नसतो. मफलर भरला, पाणी मागे चढलं आणि उघड्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये उतरलं. खालून 'ठक्' एवढाच आवाज आला आणि स्टार्टर अडकला. इंजेक्टर काढून हाताने फिरवलं तर दोन सिलिंडरमधून पाण्याच्या चिळकांड्या छतापर्यंत उडाल्या. पुढे उघडल्यावर एक कनेक्टिंग रॉड वाकलेला निघाला. तासांच्या मीटरवर शून्य.

तेव्हापासून पहिल्यांदा चालू करताना सी-कॉक बंद, आणि किल्ली त्याच्याच हँडलला टांगलेली. हातपंपाने बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढायची, मगच स्टार्टर. इंजिन लागलं की सी-कॉक लगेच उघडायचा, कारण पंपाचा रबरी इंपेलर कोरडा फार वेळ टिकत नाही. म्हणून एक माणूस तिथेच बसवायचा. घाई असलेला नको.

अलाइनमेंट, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणणं, जमिनीवर करून मोकळे होणारेही भेटतात. तो फक्त साखरपुडा झाला, लग्न पाण्यात लागतं. बोट तरंगली की हलचा, म्हणजे बोटीच्या सांगाड्याचा, आकार किंचित बदलतो. टाक्या भरून दोन दिवस तसंच ठेवा, मग गिअरबॉक्स आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगचे बोल्ट सोडून चारही बाजूंच्या फटीत फिलर गेजची पातळ पट्टी घाला. फटीत चालणारा फरक कपलिंगच्या व्यासाच्या दर इंचाला एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग), म्हणजे पाच इंची कपलिंगला पाच थाऊ, जेमतेम ०.१३ मिलिमीटर. नव्या माउंटिंगचं रबर बसतं, म्हणून ५० तासांनी मी पुन्हा तपासतो. 'आवाज तर येत नाही' हे माप नव्हे.

बाकीच्यांवर एकेक ओळ पुरे. जुन्या टाकीतला गाळ नव्या इंजिनांच्या उच्च दाबाच्या कॉमन रेल इंजेक्टरला खपत नाही. झाकण उघडून आतून घासा, नुसते फिल्टर बदलू नका. स्ट्रिंजरवर, म्हणजे इंजिन ज्यांवर बसतं त्या तळाच्या लांब तुळयांवर, हातोडीने ठोका. बद आवाज आला तर आतलं लाकूड कुजलेलं असू शकतं, नवे बोल्ट कुठे धरणार? पूर्वीच्या जोडीत बरेचदा एक इंजिन उलटं फिरणारं असे, आता दोन्ही एकाच दिशेने फिरतात. तेव्हा गिअरबॉक्स दोन्ही दिशांना पूर्ण भार घेतो का, ते ऑर्डरआधी विचारा. इंजिनरूमचं झाकण उघडल्यावर आरपीएम वाढत असतील तर हवा कमी पडतेय. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि बॅटरी न काढता बोटीवर वेल्डिंग करणाऱ्याला खाली उतरवा.

आणि इंजिन मागवण्याआधी त्याच मापाचं पुठ्ठ्याचं खोकं आत ठेवून बघा. हॅचमधून इंजिन जातं, पण बाहेरच्या बाजूच्या ऑइल फिल्टरला हात पोचत नाही, असं मी तीनदा पाहिलंय. खोकं घेऊन आलो की मालक हसतात. मी त्यांनाच आत वाकून फिल्टरच्या जागी हात घालायला सांगतो.