आपला मूळ पुरुष खरेच गुप्त राजवंशातला होता का? घरच्या कागदांवरून पडताळा कसा घ्यावा

गणपतीला किंवा शिमग्याला चाकरमानी गावी आले, की ओटीवर बसल्या बसल्या एक गोष्ट हमखास निघते. आपला मूळ पुरुष साधा माणूस नव्हता. तो कुठल्या तरी गादीचा वारस होता, जिवाच्या भीतीने नाव आणि आडनाव बदलून घाट उतरला आणि या वाडीत लपून राहिला, अशी ती गोष्ट असते. अलीकडे हीच गोष्ट भावकीच्या व्हॉट्सॲप गटावर वंशवृक्षाचे चित्र, मुद्रेचा फोटो आणि ‘हा इतिहास दडपला गेला’ अशा मजकुरासह फिरू लागली आहे. मी बरीच वर्षे रत्नागिरी आणि गुहागरकडच्या घरांतले मोडी कागद वाचतो, आणि अशा दाव्यांसाठी मला वरचेवर बोलावणे येते. दाव्याचा पडताळा घरच्या घरी कुठवर घेता येतो आणि तो कोणत्या क्रमाने घ्यावा, एवढेच येथे सांगायचे आहे.

गोष्ट ऐकताच ती हसण्यावारी नेऊ नये, कारण या किनाऱ्यावर असे प्रकार प्रत्यक्ष घडलेले आहेत. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवराव भाऊ पडले. पण ते जिवंत असल्याची आशा अनेकांनी सोडली नव्हती, आणि त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य मानले नाही. त्याच आशेच्या आधारावर सुखलाल नावाचा एक कनोजा ब्राह्मण स्वतःला भाऊ म्हणवू लागला. तो पकडला गेला, चौकशीत खोटा ठरला आणि अखेर रत्नागिरीच्या किल्ल्यावर कैदेत पडला. परंतु १७७६ मध्ये तिथल्याच अधिकाऱ्याने, रामचंद्र नाईक परांजपे यांनी, त्याला बाहेर काढले. हजारो लोक त्याच्यामागे उभे राहिले, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, आणि महादजी शिंदे व भिवराव पानसे यांच्या फौजांनी त्याचा मोड केल्यावरच तो समुद्रमार्गे पळाला. कुलाब्याच्या राघोजी आंग्र्यांनी त्याला धरून पुण्याच्या हवाली केले आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याला देहान्त शासन झाले. आपल्या बोलण्यातला ‘तोतया’ हा शब्द ज्याच्यामुळे घरोघरी पोचला, तो हा माणूस.

याच्या उलटही घडलेले आहे. मोगलांच्या कैदेतून सुटून १७०७ मध्ये शाहू महाराज परतले, तेव्हा ताराबाईंच्या पक्षाने त्यांनाच तोतया ठरवले होते, आणि लोकांचा संशय फिटावा म्हणून परसोजी भोसले त्यांच्यासोबत एका ताटात जेवले. शाहू खरे होते. म्हणजे खरा माणूस खोटा ठरवला जातो आणि खोट्यामागे फौज उभी राहते. दावा ऐकून मनात विश्वास उत्पन्न होतो की तिटकारा, यावरून काहीच ठरत नाही.

पहिले काम म्हणजे दावा एका कागदावर स्पष्ट वाक्यांत लिहून काढणे. मूळ पुरुषाचे नाव काय, तो कोणत्या वर्षी आला, कुठून आला, कोणाचा कोण होता, हे ज्या वडीलधाऱ्या माणसाकडून ऐकले त्याच्याच शब्दांत लिहावे आणि सांगणाऱ्याचे नाव व तारीख खाली घालावी. त्याच कागदावर आणखी एक ओळ लिहावी: अमुक गोष्ट सापडली तर हा दावा आम्ही सोडून देऊ. ही ओळ लिहायला लोक फार कां-कूं करतात, पण तिच्याशिवाय पुढचा शोध व्यर्थ आहे, कारण मग प्रत्येक प्रतिकूल कागद ‘मुद्दाम पेरलेला’ ठरतो आणि प्रत्येक न मिळालेला कागद ‘जाळून टाकलेला’ ठरतो.

यानंतर वाट उलटी चालावी. बहुतेक जण राजापासून सुरुवात करून खाली आपल्यापर्यंत उतरतात, आणि मध्ये जिथे नावे मिळत नाहीत तिथे कल्पनेने ती भरतात. आपण आजच्या जिवंत माणसापासून निघावे आणि एकेक पिढी मागे जावे. मुलाचा बाप कोण, हे कागदाने सांगितल्याशिवाय पुढची पायरी चढू नये. शाळेचे जनरल रजिस्टर, गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी असलेले कोतवाल बुक, सातबारा आणि त्यामागचे फेरफार, जुनी खरेदीखते आणि गहाणखते, खोती गावांत बोटखत (म्हणजे खोत आणि कुळे यांच्या हक्कांची सरकारी नोंदवही), एवढ्यांवर शंभर-सव्वाशे वर्षे बहुधा नीट मागे जाता येते. फेरफाराकडे विशेष लक्ष द्यावे, कारण खातेदार मयत झाल्यावर वारस लावताना मुले, विधवा, दत्तक अशी सगळी नाती तिथे उतरलेली असतात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांकडे मात्र फार थोडे लोक वळतात. यात्रेला गेलेल्या पूर्वजाने स्वतःच्या हाताने बापाचे, आज्याचे, भावांचे नाव आणि गाव तिथे लिहिलेले असते. आपण राजपुत्र असल्याचे चार माणसांपासून लपवणारा माणूसही पितरांची नावे सांगताना खोटे बोलायला कचरला असता, असे मला वाटते.

आता घरातल्या मोडी कागदाविषयी, कारण घोटाळा सर्वांत जास्त इथेच होतो. गुहागर तालुक्यातल्या एका घरी देवघराच्या फळीवरून, लाल फडक्याच्या रुमालात बांधलेला एक कागद माझ्यापुढे आला. घरातली समजूत अशी होती, की तोतया म्हणून मारला गेला तो कोणी दुसराच होता. खरे भाऊ या घरी आले, एकटेच आले, पंतोजी म्हणून राहिले, आणि त्यांच्यापासून हे घराणे सुरू झाले. पुरावा म्हणून ते तीन गोष्टी दाखवत होते. कागदाच्या वर ‘राजश्री’ लिहिले होते. तारखेजवळ ‘छ’ होता, आणि तो छत्रपतींचा असल्याचे त्यांना कोणी सांगितले होते. तिसरी गोष्ट त्यांना सर्वांत गूढ वाटे: ‘सबा सबैन मया व अलफ’ असे कोणालाही न कळणारे शब्द, जो त्यांच्या मते ओळख लपवण्यासाठी केलेला सांकेतिक मंत्र होता.

हे तिन्ही वाचायला सोपे आहे आणि प्रत्येकाने शिकून घ्यावे. ‘राजमान्य राजश्री’ हा पत्राचा नित्याचा मायना आहे. ज्याचे आपण पुढे नुसते ‘रा. रा.’ केले, तो सावकाराला, खोताला, व्याह्यालाही लिहीत. ‘छ’ म्हणजे चंद्र. त्याच्यापुढे आकडा आणि मोहरम, सवाल, रमजान असा मुसलमानी महिना येतो, आणि तो चांद्र तारीख दाखवतो. उरलेले शब्द अरबी संख्यावाचक आहेत: सबा म्हणजे सात, सबैन म्हणजे सत्तर, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. बेरीज ११७७. हा शुहूर सन, ज्याला मृगसाल असेही म्हणतात, मृग नक्षत्राच्या सुमारास सुरू होतो. मृगापासून डिसेंबर अखेरपर्यंतच्या तारखेला त्यात ५९९ मिळवावेत आणि जानेवारीपासून मृगापर्यंतच्या तारखेला ६००. त्या कागदावर सवाल महिना होता, म्हणजे ते नोव्हेंबर १७७६ चे दिवस. शक असेल तर पाडव्यापासून डिसेंबरपर्यंत ७८ आणि पुढे ७९ मिळवावेत. नेमका दिवस काढायला जंत्री, म्हणजे जुन्या तारखा इंग्रजी तारखांशी जुळवून दिलेले कोष्टक, लागते.

वर्ष तोतयाच्या बंडाचेच निघाले, तेव्हा घरातली मंडळी क्षणभर फार हरखली. पण वर्ष जुळणे आणि मजकूर जुळणे या वेगळ्या गोष्टी आहेत. मजकूर असा होता, की त्यांच्या मूळ पुरुषाने आणि त्याच्या थोरल्या भावाने बाप वारल्यावर आगराची वाटणी केली; धाकट्याकडे अकरा माड आणि विहिरीच्या पाण्याची निम्मी पाळी आली. खाली दोघांच्या बापाचे नाव होते आणि त्याच गावातल्या चार साक्षीदारांची नावे होती. कोठून तरी एकटा आलेला माणूस गावात भाऊ, बाप आणि वडिलार्जित माड घेऊन येत नाही. दाव्याच्या कागदावर ‘मूळ पुरुष एकटा आला’ असे त्यांनी स्वतःच लिहिले होते, म्हणून मला वाद घालावा लागला नाही. घरातल्या आजी तेवढ्या अकरा माडांचा मजकूर मला पुन्हा पुन्हा वाचायला सांगत होत्या, कारण त्यांतल्या एका कोपऱ्याला आजही तेच नाव आहे.

कागद मुळात जुना आहे का, हेही तपासावे. मोडी लिहिणारा आधी ओळभर रेघ ओढतो आणि तिच्याखाली अक्षरे लावत जातो. शब्द तोडत नाही. बोरूच्या फटकाऱ्याची जाडी-बारीकी स्टीलच्या टाकाला येत नाही. कागद उजेडाकडे धरून पाहावा: एकोणिसाव्या शतकातल्या विलायती कागदात पुष्कळदा कारखान्याचे चिन्ह आणि वर्ष पाणखुणेत दिसते, आणि ‘शिवकालीन’ म्हणून दाखवलेल्या कागदात तसे वर्ष दिसले तर बोलणेच संपले. ताम्रपटांचीही अशीच गत आहे. आडनावाच्या उच्चारावरून थेट शिलाहारांशी, म्हणजे कोकणावर पूर्वी राज्य केलेल्या राजघराण्याशी, नाते सांगणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की शिलाहारांचे अस्सल पट मुख्यतः संस्कृतात आहेत, पत्रे कडीत ओवलेले असतात आणि मुद्रेवर गरुड असतो. आजच्या वळणाच्या देवनागरीत सुबक कोरलेला एकच पत्रा कितीही हिरवा पडला असला तरी त्यावर वंश उभा करू नये.

वंशावळ हाती आली की पिढ्या मोजाव्यात. एका पिढीला पंचवीस ते तीस वर्षे धरली, तर १७७६ पासून आजपर्यंत आठ ते दहा पिढ्या व्हायला हव्यात. पाचच नावांत अडीचशे वर्षे बसवली असतील, तर मध्ये नावे गळली आहेत किंवा वरचे नाव नंतर जोडले आहे.

‘सगळे दडपले गेले’ या युक्तिवादाला माझे उत्तर असे आहे, की राजवंशाइतके कागद दुसऱ्या कशाचेच होत नाहीत. सरकार ज्याला पैसे देते किंवा ज्याला भिते, त्याची नोंद ठेवते, आणि गादीच्या वारसाच्या बाबतीत दोन्ही खरे असते. पुण्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी कागद आहेत; गावोगावची इनामे, नेमणुका, कैद्यांचा शिधा, असले बारीक हिशेबही त्यांत आहेत. नानासाहेब पेशवे, ज्यांचा जन्म आपल्याच कर्जतजवळच्या वेणगावचा, १८५७ नंतर नेपाळच्या तराईत नाहीसे झाले. त्यांच्या डोक्यावर एक लाखाचे बक्षीस होते आणि पुढे कित्येक वर्षे संशयित पकडले जात होते. १८७४ मध्ये ग्वाल्हेरला शिंद्यांनी असाच एक माणूस इंग्रजांच्या हवाली केला, आणि तोही ते नव्हेच असे निष्पन्न झाले. एवढी पाळत असताना एखाद्या खेड्यात ते राहिले असतील, तर त्या खेड्याचा निदान संशय म्हणून तरी उल्लेख मिळाला पाहिजे.

खरा परका राजवंश कोकणात राहिला, तो अगदी उघड्यावर. ब्रह्मदेशचा थिबा राजा १८८६ मध्ये रत्नागिरीत आणला गेला, १९१० मध्ये त्याचा वाडा पुरा झाला, १९१६ मध्ये तो इथेच वारला आणि त्याची समाधीही इथेच आहे. त्याच्या थोरल्या राजकन्येचे रत्नागिरीतल्याच एका नोकराशी नाते जुळले, आणि तिची मुलगी शहरात अत्यंत साधेपणाने, गरिबीत राहिली. शेजाऱ्यांना ती कोण हे ठाऊक होते, सरकारी पत्रव्यवहारात तिच्या आईचे नाव होते. त्या वाड्यासमोर उभे राहिले की मला नेहमी वाटते, की लपलेल्या राजपुत्राच्या शोधात आपण या खऱ्या, सर्वांना माहीत असलेल्या मुलीच्या हालांकडे पाहिले नाही.

डीएनए चाचणीवर पैसे घालण्यापूर्वी तिची मर्यादा समजून घ्यावी. वाय गुणसूत्र फक्त बापाकडून मुलाकडे जाते आणि मायटोकाँड्रियल डीएनए आईकडून. तुलनेसाठी त्या राजघराण्यातल्या माणसाचा नमुना नसेल, तर अहवालातली टक्केवारी राजाबद्दल काहीच सांगत नाही. रशियाच्या झारच्या कुटुंबाचे अवशेष ओळखता आले, कारण राणीच्या नात्यातल्या ब्रिटनच्या प्रिन्स फिलिप यांनी नमुना दिला. आणि स्वतःला राजकन्या अनास्तासिया म्हणवणारी ॲना अँडरसन तिच्या मृत्यूनंतर, १९९४ मध्ये, याच रीतीने त्या कुटुंबातली नसल्याचे ठरले. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. आपल्या गाद्या वेळोवेळी दत्तकाने चालल्या. नानासाहेब दत्तक होते, आणि कोल्हापूरचे राजर्षी शाहू १८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक आले. तेव्हा एखाद्याचा डीएनए आजच्या गादीशी जुळला नाही, यावरूनही त्याचा दावा आपोआप खोटा ठरत नाही.

दाव्याच्या आडून कोणी पैसे मागू लागला, तर तिथेच थांबावे. राजवंशाचे प्रमाणपत्र, मुद्रा, ‘घराण्याची नोंदणी’ अशा नावांखाली भावकीकडून वर्गणी गोळा केली जाते. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे संपले आहेत, त्यामुळे असल्या प्रमाणपत्राने कायद्याने काहीही मिळत नाही. त्याहून वाईट म्हणजे पूर्वजाने पुरलेल्या खजिन्याच्या नावाने जोते उकरणे. जमिनीत काही मोलाचे सापडलेच, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे.

वाचन पुरे झाले की मूळ कागदाला पुन्हा हात लावण्याची वेळ येऊ नये अशी व्यवस्था करावी. त्याचा चांगल्या उजेडात, पट्टी शेजारी ठेवून फोटो काढावा. लॅमिनेशन करू नये आणि फाटक्या कडेला चिकटपट्टी लावू नये, कारण काही वर्षांत तिचा डिंक अक्षरे घेऊन सुटतो. वाचलेला मजकूर, वाचणाऱ्याचे नाव, न लागलेले शब्द आणि तारीख वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवावीत. आमच्याकडच्या दमट हवेत पेटारा भिंतीला टेकवून ठेवला की वाळवी लागतेच, म्हणून तो पाटांवर उचलून ठेवावा, आणि दर वर्षी मृगाआधी एका कोरड्या दिवशी रुमाल सोडून कागद सावलीत, वारा नसलेल्या जागी, दुपारभर मोकळे ठेवावेत.